अब्रूचा दावा आणि बंद कूलर

आमच्या साहेबांच्या ऑफिसात एक लोखंडी कूलर होता. तो कधी चालेल हे उन्हावर ठरत नसे, समोर बसलेल्या पक्षकारावर ठरत असे.

इरा, नील, तुम्ही तिकडे बर्फात राहता, म्हणून आधी कूलर सांगते. खिडकीत बसवलेली पत्र्याची मोठी पेटी. तिच्या तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंखा आणि पाण्याचा छोटा पंप. ताट्या भिजत राहतात, पंखा त्यांतून हवा ओढतो आणि खोलीत वाळ्याच्या वासाचा गारवा पसरतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी त्याच्याशिवाय बसणं म्हणजे तव्यावर बसणं. तर आमचे साहेब नेमक्या अशा दुपारी, पक्षकार तोंड उघडायच्या आत उठत आणि कूलर बंद करत.

परवा फोनवर इराने विचारलं, "आजी, तुमच्याकडेही राजकारणी लोक एकमेकांवर अब्रुनुकसानीचा दावा लावू शकतात का?" शाळेचा काही प्रकल्प आहे म्हणे. मी म्हटलं, लिहून कळवते. उत्तर एका ओळीचं आहे. हो, लावू शकतात. कोणाही माणसाला लावता येतो तसाच त्यांनाही येतो. दिवाणी दावा लावून भरपाई मागता येते, फौजदारी तक्रार करून शिक्षाही मागता येते. प्रकल्पापुरतं एवढं पुरे. पण दावा लावता येतो का आणि दावा लावावा का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि साहेबांनी जवळजवळ सगळी वकिली त्या दुसऱ्या प्रश्नावर केली. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही, आणि मला नीटनेटकं लिहून ठेवायची सवय आहे.

मी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं टायपिस्ट होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं इंग्रजी बरं होतं, आणि साहेबांना स्वल्पविराम कुठे द्यायचा हे न विचारणारी बाई हवी होती. सीताबर्डीच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एका कापड दुकानाच्या वर ऑफिस. जिना अरुंद आणि उभा. साहेब तो चढत सगळ्यांसारखे, पण उतरत उलटे. तोंड वर, पाठ रस्त्याकडे, एक हात कठड्यावर. गुडघ्यांना बरं पडतं असं सांगत. मला कारण वेगळं वाटायचं. पक्षकार निरोप द्यायला वरच्या पायरीवर उभा असे आणि साहेबांचं सांगणं संपलेलं नसे. एका पायरीला एक वाक्य. शेवटच्या पायरीवर पाय टेकला की सल्ला पूर्ण.

कोर्टात ते संथ, स्वच्छ इंग्रजी बोलत. ऑफिसात मात्र पारशिवनीकडची, त्यांच्या गावची बोली. मंत्री येवो की हमाल, स्वागत एकच: "काहून आला गा?" म्हणजे कशाला आलास रे. मी तेवढी "बाई" होते, आणि माझ्याशी बोलताना ते क्रियापदाला मान देत. बाकी कोणाला नाही.

अब्रुनुकसानीच्या कामात त्यांचं नाव होतं, त्यामुळे निवडणुका आल्या की पुढाऱ्यांची रीघ लागे. त्यांची पद्धत मात्र ठरलेली. वर्तमानपत्राचं कात्रण ते बघत नसत. जे वाक्य लागलं ते पक्षकाराने आपल्या हाताने कागदावर लिहायचं, मग उभं राहून मोठ्याने तीनदा वाचायचं. कूलर बंद.

"पयल्या खेपेले माणूस चिडलेला असते," ते मला म्हणाले होते. "दुसऱ्या खेपेले त्याले गरम होते. तिसऱ्या खेपेले तो ऐकते."

तिसऱ्यांदा वाचूनही ज्याला दावा लावायचाच असे त्याचा मसुदा मी टाइप करायचा आणि टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात ठेवायचा. आठ दिवस. त्या खणाला मी 'मुरवण' अशी चिठ्ठी लावली होती. दाव्याची मुदत टळू नये म्हणून प्रत्येक तारीख माझ्या डायरीत लाल शाईने लिहिलेली असे, त्यामुळे मुरवणीपायी कोणाचं नुकसान कधी झालं नाही. आठ दिवसांनी माणूस परत आला तर काम पुढे जाई. निम्मे येतच नसत.

एकदा शहरातले एक पुढारी बारा-पंधरा कार्यकर्ते घेऊन जिना चढले. विरोधकाने भर सभेत त्यांना सरडा म्हटलं होतं. साहेबांनी कूलर बंद केला.

"लिहा गा."

पुढाऱ्यांनी लिहिलं.

"आता वाचा."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कार्यकर्त्यांनी "शेम, शेम" केलं. दुसऱ्यांदा वाचताना पुढाऱ्यांच्या खादीची पाठ ओली झाली. "तासातासाले रंग बदलणारा सरडा" हे तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मागे कोणाला तरी हसू आलं. ते त्याने खोकला करून दाबलं, मग दुसऱ्याला खोकला आला.

साहेबांनी विचारलं, "अन् तुमी त्याले काय म्हटलं होतं?"

"मी? काही नाही."

एक कार्यकर्ता प्रामाणिक होता. म्हणाला, "भाऊंनी त्यांना कोल्हा म्हटलं होतं, साहेब. आणि त्याच्या आधी एकदा गेंडा."

"मंग दावा कायले लावता?" साहेब म्हणाले. "महाराजबागेच्या झूमधी अर्ज करा. दोघांचीबी सोय होईन."

पुढारी आधी लाल झाले आणि मग स्वतःच इतके हसले की खुर्चीत बसून घाम पुसू लागले. तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. जिना उतरताना साहेब त्यांना पायरीपायरीने सांगत होते: "अब्रू म्हणजे शर्ट नोय गा, कोणी ओढला का फाटला. ज्याची त्याले ठाऊक असते. बाकी सगळी बॅनरबाजी."

दुसरा एक खटला नऊ वर्षं चालला. त्यात साहेब आरोपीच्या बाजूने होते. नऊ वर्षांत दोघा पुढाऱ्यांनी मिळून चार पक्ष बदलले आणि शेवटी एकाच पक्षात येऊन पोचले. खटला मागे घ्यायला ते एकाच गाडीतून आले, एकाच रंगाचे गमछे घालून. साहेबांना एवढं चिडलेलं मी क्वचितच पाहिलं. "नऊ वर्षं," ते परत येऊन म्हणाले. "तेवढ्या वेळात या कोर्टात एखाद्या बुढीच्या शेताचा निकाल लागला असता."

पण सगळेच असे नसत. कधी कोणी तिसऱ्यांदा वाचायला लागे आणि अर्ध्या वाक्यात त्याचा आवाज बसे. तेव्हा साहेब उठत, कूलर लावत, आणि मला म्हणत, "बाई, मशीनले कागद लावा." त्या माणसाचं काम ते शेवटपर्यंत लढवत. खण-बिण काही नाही. त्या ऑफिसात गार वारा लागणं म्हणजे आपलं दुःख खरं आहे, असं कोणीतरी मान्य केल्यासारखं होतं.

आता तुमच्या आत्याची गोष्ट. ती तुम्हाला सांगितलेली नाही, कारण त्या वेळी तुम्ही लहान होता आणि आम्ही घाबरलो होतो. मी आत्याला विचारूनच लिहिते आहे.

तुमची आत्या कळमेश्वर रस्त्यावरच्या ज्या लहान गावी राहते तिथे ती तेव्हा नगरसेविका होती. त्याच वॉर्डात दुसऱ्या पक्षाचा एक नगरसेवक होता. दोघांचं पटत नसे. एका कोपरा सभेत आत्या माइकवर म्हणाली, "वॉर्डासाठी मंजूर झालेली बोअरवेल यांनी स्वतःच्या अंगणात खोदून घेतली. जनतेचं पाणी घरात नेणारा माणूस तुमचा प्रतिनिधी!" टाळ्या पडल्या. कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं, ते संध्याकाळपर्यंत गावभर फिरलं. त्या माणसाने भाषणाला भाषणाने उत्तर दिलं नाही. त्याने सरळ फौजदारी तक्रार केली आणि आत्याला समन्स आला.

तो कागद मी हातात घेतला. 'दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही' हे शब्द मी एकोणीस वर्षांत किती वेळा टाइप केले होते, त्याची गणती नाही. वाचले मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. आरोपीच्या रकान्यात माझ्या मुलीचं नाव होतं.

साहेब तोवर पंचाऐंशीच्या घरात गेले होते. नजर अधू झाली होती, वकीलपत्र घेणं त्यांनी सोडलं होतं, पण रोज अकरा ते चार ऑफिसात येऊन बसत. आत्याची केस त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एका वकील बाईंकडे दिली होती. तरी मी तिला साहेबांकडे घेऊन गेले. मे महिना होता. आम्ही बसलो आणि साहेबांनी चाचपडत जाऊन कूलर बंद केला.

"लिही वं. काय बोलली ते."

"काका, तक्रार त्यांनी केली आहे," आत्या म्हणाली. "मी आरोपी आहे. मी काहून वाचू?"

"ज्याले लागलं त्यानं घरी शंभर खेपा वाचलं असन. आता जिनं मारलं ते वाचन."

आत्याने लिहिलं. पहिल्यांदा ती सभेत वाचावं तसं वाचून गेली. दुसऱ्यांदा पदराने मान पुसली. तिसऱ्यांदा 'स्वतःच्या अंगणात' इथे ती जराशी थांबली, मग वाक्य पुरं केलं.

"तू पाह्यली होती ते बोअर?"

"सगळं गाव म्हणते, काका."

"समन्स गावाले आला का तुले आला?"

आत्याने हातातल्या कागदाची घडी घातली.

"चाल मंग. पाहून येऊ."

गाडी मी चालवली. साहेब पुढच्या सीटवर, मांडीवर पाण्याची बाटली, डोक्याला उपरणं. आत्या मागे बसून आईला कोणी असं उन्हात फिरवतं का म्हणून कुरकुरत होती; ते आईसाठी नव्हतं, तिलाच तिथे जायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

त्या गल्लीत गाडी जेमतेम शिरली. घर समोर आलं आणि आत्या ताठ झाली. "पाहा!" ती म्हणाली. "आहे की नाही?" खरंच, हातपंप घराच्या अंगणातच होता. दाराच्या पायऱ्यांपासून फार तर दहा पावलांवर. खरं सांगते, मला एकदम हलकं वाटलं. मुलगी खरं बोलली होती.

साहेबांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "बाई, फाटक कुठी आहे?"

मी पाहिलं. फाटक नव्हतं. रस्त्याच्या बाजूची भिंतच नव्हती. पाडलेल्या भिंतीच्या विटा एका कडेला रचून ठेवल्या होत्या आणि मोकळ्या जागेतून चार-पाच बाया गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन आत शिरत होत्या. निंबाच्या झाडाखाली खाटेवर एक म्हातारी बसली होती आणि कोणाचा नंबर आधी हे काठीने दाखवत होती.

एका बाईने आत्याला ओळखलं. "मावशे, हेच त्या भाषणवाल्या म्याडम."

पंपाचा आवाज थांबला. म्हातारीने आत्याकडे पाहिलं.

"एवढ्या उन्हाचं आली वं," ती म्हणाली. "आधी पाणी पी. भांडाचं मंग पाहू."

आत्या पाणी प्यायली. काय करणार होती? म्हातारीने साहेबांना खाटेवर जागा दिली आणि न विचारता सांगितलं. "दोन डाव रस्त्यावर खोदलं, बाप्पा. नुसता फुफाटा निंघाला. तिसऱ्या डावाले ते पानी पाहनारे म्हनत, लागन तं या आंगनात लागन. माह्या पोरानं त्याच दिवशी भिंत पाडली. माही तुळस बी हलवली त्यानं, मले न इचारता. आठ दिवस बोलली नाई मी त्याच्यासंगं."

"अन् आता?" साहेबांनी विचारलं.

"आता तो बोलत नाई. कोनासंगच. भाषन झालं तवापासून जेवाले बसते अन् अर्ध्यात उठते."

साहेब उठले. पंपापर्यंत गेले, स्वतःच दांडा मारला, ओंजळीने पाणी प्यायले. शर्ट पुढून सगळा भिजला. परतीचा अर्धा रस्ता झाल्यावर त्यांनी मांडीवरची बाटली पायाशी ठेवली.

"पोरी," शेवटी ते म्हणाले, "तू जे बोलली त्यातला शब्दनशब्द खरा आहे. बोअर आंगनातच आहे. अन् लोकायले जे समजलं ते खोटं आहे. कोर्टात शब्दायवर भांडता येते. तुही वकील हुशार आहे, ते भांडन बी. जिंकशीनबी कदाचित, दहा वर्षानं."

"माफी मागितली तर माझं राजकारण संपलं, काका."

"संपू शकते," साहेब म्हणाले. खोटा धीर देणं त्यांना कधी जमलं नाही.

तरी ऑफिसात परतल्यावर आत्याने त्याच दिवशी माझ्याच टेबलावर माफीचा मसुदा लिहिला. 'माझ्या बोलण्याने जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर...' साहेबांनी मला वाचून दाखवायला सांगितलं आणि पहिल्याच ओळीला हात वर केला.

"हे 'जर' काढ. तुले ठाऊक आहे दुखावलं. बुढीनं सांगतलं."

'जर' गेलं.

"आता जिथं बोलली तिथंच माग. त्याच चौकात, त्याच भोंग्यावर, तेवढ्याच मोठ्यानं. घरी जाऊन मागतलेली माफी म्हंजे पळून जाऊन केलेलं लगन. अन् केस मागं घ्या, असं बोलाचं नाई. माफीले शेपूट नसते."

मी सवयीने कागद घेतला आणि खालचा खण उघडला. साहेबांनी खण ओढल्याचा आवाज ऐकला.

"बाई, ते नका ठेवू तिथं. राग मुरते. माफी नासते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याने त्या चौकात माफी मागितली. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी होते. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. तिच्याच पक्षाचे दोघे मध्येच निघून गेले. तो नगरसेवक समोरच्या पानठेल्यावर हाताची घडी घालून उभा होता. तिने सगळं सांगितलं. बोअर मी पाहिली नव्हती, आता पाहिली, भिंत पाडलेली पाहिली, मी चुकले. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

तारखेला अजून पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत मी घरातली सगळी कपाटं आवरली. काही राहिलं नाही तेव्हा आवरलेली पुन्हा आवरली. तिने आता चूक कबूल केली होती, तीही माइकवर, चारशे माणसांसमोर, आणि त्याचंही चित्रण झालं होतं. टायपिस्टलासुद्धा एवढा कायदा कळतो की हा पुरावा आता समोरच्याच्या हातात गेला. साहेबांवर मी तेव्हा मनातून फार रागावले होते, हेही लिहून ठेवते.

तारखेला साहेब आले आणि मागच्या बाकावर बसले. आमचा पुकारा झाला. तो नगरसेवक उभा राहिला आणि न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, मले केस चालवाची नाई."

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "कोणाचा दबाव आहे का तुमच्यावर?"

"आहे, साहेब."

आत्याच्या वकील बाई उठून उभ्या राहिल्या.

"मायचा आहे," तो म्हणाला. "मायनं सांगतलं, त्या पोरीनं चार लोकायत चूक मानली. आता तू कोर्टात तोंड वासशीन तं पंपाले कुलूप लावीन मी. तिची बात खरी असते साहेब, लावन ते."

न्यायाधीशांनी खाली पाहून काहीतरी लिहिलं; लिहिताना ते हसत होते की नाही हे मला सांगता येणार नाही. तडजोड नोंदवली गेली. आरोपीच्या रकान्यातलं नाव पुन्हा माझी मुलगी झालं.

बाहेर आल्यावर आत्या आणि तो कोर्टाच्या वरच्या पायरीवर शेजारी शेजारी उभे राहिले. काय बोलावं हे दोघांनाही कळत नव्हतं. साहेब कठडा धरून उलटे उतरायला लागले. "तू भिंत पाडली हे भाषणात सांगत जा गा," पहिल्या पायरीवर ते त्याला म्हणाले. दुसरीवर आत्याला, "अन् तू पाहत जा." तिसरीवर दोघांना, "अन् बुढीची तुळस नीट लावून द्या." मग तीन पायऱ्या उरल्या आणि साहेब त्या काही न बोलता उतरले. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

आत्या पुढची निवडणूक लढली, हरली, आणि त्या संध्याकाळी घरी येऊन पोटभर जेवली. तो माणूसही पुढे कधीतरी हरला. दोघं अजून एकमेकांच्या विरोधात बोलतात, पण आता आधी जाऊन पाहून येतात असं आत्या म्हणते.

त्या दिवशी कोर्टातून आम्ही सीताबर्डीला ऑफिसात परतलो. खोली भट्टीसारखी तापली होती. आत्या पक्षकाराच्या खुर्चीत बसली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आलं. मी टेबलावरचे कागद सारखे करत होते, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. साहेब उठले, भिंत चाचपत खिडकीपाशी गेले आणि त्यांनी कूलर लावला.

पाण्याचे बारीक थेंब आणि वाळ्याचा वास एकदम खोलीभर आला. माझे सगळे कागद उडाले, टेबलावरून, खुर्च्यांखाली, जिन्यापर्यंत. एकोणीस वर्षांत मी तिथे एक कागद उडू दिला नव्हता. मी तशीच बसून राहिले, आणि त्यांतला एकही उचलला नाही.